आमवाताची चाळणी : शिबिरात रक्त काढण्याआधी

विचारणा बीड जिल्ह्यातली आहे. तालुक्यात गावोगाव आरोग्य शिबिरं घ्यायची, १८ वर्षांवरच्या सगळ्यांची आरए फॅक्टर ही रक्तचाचणी करायची, आमवाताचे (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे) रुग्ण लवकर हुडकायचे आणि त्या अनुभवावर मराठवाड्यासाठी पुराव्याधारित मार्गदर्शक सूचना लिहायच्या, असा बेत आहे. चाचण्या कोणत्या ठेवाव्यात, पुढं कुणाला पाठवावं आणि सूचना लिहायची रीत काय, हे तीन प्रश्न विचारले आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पैसा तिथंच जाणार आहे. सरसकट आरए फॅक्टर करू नका. का, ते साध्या गणितात दिसतं. हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण पाऊण टक्का निघालं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली कॉपकॉर्ड या सांधेविकार मोजायच्या पद्धतीनं घरोघर पाहणी झाली, तिथं ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास होतं. अर्धा टक्का धरू. १०,००० प्रौढांत ५० रुग्ण. २००७ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार आरए फॅक्टर १०० रुग्णांतले ६९ पकडतो आणि रोग नसलेल्या १०० पैकी ८५ जणांना बरोबर 'नाही' म्हणतो. म्हणजे ५० पैकी ३४-३५ सापडतील, आणि उरलेल्या ९,९५० धडधाकट माणसांपैकी जवळपास १,४९० जणांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल. पॉझिटिव्ह आलेल्या दर १०० जणांत खरा आमवात दोघांना. वर १५ रुग्ण निगेटिव्ह रिपोर्ट खिशात घालून 'आपल्याला वात नाही' म्हणत घरी जातील, ते वेगळंच.

अँटी सीसीपी ही आमवाताची दुसरी रक्तचाचणी महाग पण नेमकी, ती केली तर? तिची पकड ६७ टक्के, नेमकेपणा ९५ टक्के. खरे ३३-३४, खोटे सुमारे ५००. शंभरात सहा. आता हीच चाचणी अशा ओपीडीत करा जिथं हाताचे सांधे सुजलेलेच लोक निवडून आले आहेत आणि पाचात एकाला आमवात आहे. १,००० जणांत २०० रुग्ण, त्यातले १३४ पकडले जातात; ८०० निरोग्यांत ४० खोटे. शंभरात ७७ खरे. किट तेच, मशीनही तेच. बदललं ते फक्त सुईआधी माणूस निवडण्याचं काम. मार्गदर्शक सूचना लिहायच्या त्या या निवडीच्या.

खोट्या पॉझिटिव्हचं नुकसान कागदावर दिसत नाही म्हणून ते नोंदवायचं राहून जातं. वय वाढलं की आरए फॅक्टर वर येतो. क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी यांतही येतो. रिपोर्टवर ठळक आकडा दिसला की 'आमवात निघाला' हे घरात पक्कं होतं. मग कुणी पुड्या आणतं, कुणी दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन घेतं. क्षयाच्या रुग्णाला आमवाताचा शिक्का बसून स्टिरॉइड सुरू झालं तर काय होतं, ते तालुक्याच्या डॉक्टरला सांगायला नको.

विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणीचे, म्हणजे स्क्रीनिंगचे, जे दहा निकष मांडले, त्यांतले दोन इथं मोडतात. लक्षणं नसताना रोग सापडला तर द्यायला ठरलेला उपचार हवा, हा एक. आमवाताचा धोका दिसत असलेल्या पण सांधे न सुजलेल्यांवर गेल्या काही वर्षांत औषधांच्या चाचण्या झाल्या. हायड्रॉक्सीक्लोरोक्विननं आजार टळला नाही. मेथोट्रेक्सेटनं त्रास कमी झाला पण आजार टळला नाही. अबाटासेप्टनं तो लांबला, आणि औषध थांबवल्यावर फरक कमी होत गेला. तेव्हा धडधाकट माणसाला 'तुमच्या रक्तात आमवाताचं बीज आहे' सांगून हातात द्यायला आज आपल्याकडं काही नाही. दुसरा निकष निदान आणि उपचाराच्या सोयीचा. तुमच्या तालुक्यातून पाठवलेला रुग्ण अंबाजोगाईला, लातूरला नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किती दिवसांनी तपासला जातो, हा आकडा हाती नसताना चाळणी सुरू करणं म्हणजे पुढं वाट नसताना गर्दी पुढं ढकलणं.

म्हणून सूचनांच्या शीर्षकातच लिहा: 'लक्षणं असलेल्या प्रौढांमध्ये दाहक सांधेविकार लवकर ओळखणे व पुढे पाठवणे'. आणि शब्दांचा घोळ पहिल्याच पानावर मिटवा. आपल्याकडं 'संधिवात' म्हणताना माणसाच्या मनात गुडघ्याची झीजही असते आणि आमवातही. आयुर्वेदातला आमवात आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिस तंतोतंत एक नाहीत, पण बोलण्यात ते एकच झालेत. मी इथं आमवात म्हणतो तो रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आशाताईच्या फॉर्मवर मात्र दोन्ही शब्द नकोत; तिथं फक्त लक्षण विचारायचं.

फॉर्म कसा असावा हे ठरवण्याआधी एका पीएचसीचा (प्राथमिक आरोग्य केंद्राचा) हिशोब मांडा. ३०,००० लोकसंख्या, साधारण २०,००० प्रौढ. अर्ध्या टक्क्यानं जुने-नवे मिळून १०० रुग्ण. नवे किती? पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत वर्षाला लाखामागे २५ ते ५० नवे रुग्ण दिसतात; तेच धरलं तर तुमच्या पीएचसीत वर्षाला ५ ते १०. हजार लोकसंख्येमागं एक आशा, म्हणजे ३० आशा. एका आशाताईच्या वाट्याला नवा आमवात तीन ते सहा वर्षांतून एकदा येणार. इतक्या विरळ गोष्टीची नजर कुणाचीच बसत नाही, डॉक्टरचीही नाही. त्यामुळे आशांना आमवात 'ओळखायला' शिकवणारं दिवसभराचं प्रशिक्षण वाया जातं. त्यांना तीन प्रश्न द्या आणि उत्तर 'हो' आलं की उपकेंद्राची वाट दाखवायला सांगा. बाकीचं काम सीएचओचं, म्हणजे उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं.

प्रश्न अरुंद असायला हवेत. भिगवणच्या पाहणीत १८ टक्क्यांच्या आसपास प्रौढांना हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखणं होतं. 'सांधे दुखतात का?' विचाराल तर तुमच्या २०,००० पैकी साडेतीन हजार जण 'हो' म्हणतील आणि पहिल्याच महिन्यात सीएचओ फॉर्म बाजूला ठेवेल. दुखणं नका विचारू. सूज आणि सकाळचं आखडणं विचारा.

'सकाळी किती मिनिटं आखडल्यासारखं वाटतं?' हा पुस्तकी प्रश्न गावात चालत नाही. पहाटे उठणाऱ्या बाईच्या दिवसात मिनिटं नसतात, कामं असतात. विचारावं असं: उठल्यावर मूठ पूर्ण वळते का? नसेल वळत, तर झाडलोट होईस्तोवर हात मोकळे होतात, का भाकरी थापायच्या वेळेलाही धरलेलेच असतात? झाडलोटीच्या आधी मोकळे झाले तर बहुधा झीज किंवा कामाचा शीण. चहा झाला, सडा झाला, भाकरीला बसल्या आणि तरी 'मूठ वळंना' असं उत्तर आलं, तर अर्धा तास नक्की उलटलेला असतो. पुरुषांत हाच प्रश्न धारेवर आणता येतो: दूध काढताना आचळ पकडवतं का?

दुसरा प्रश्न बांगड्यांचा, आणि तो मला सगळ्यांत उपयोगाचा वाटतो. बांगडी अडते ती बोटांच्या मुळाशी, पंज्याच्या रुंद भागावर. आमवाताची सूज पहिल्यांदा बसते ती नेमक्या त्याच गाठींवर. 'मागच्या सणाला कासाराकडं ज्या मापाच्या भरल्या, त्या आता चढतात का?' यात सूजही आली आणि ती किती दिवसांची तेही कळलं. जोडवी घट्ट होणं हा त्याचाच पायातला भाऊ. वजन वाढलं किंवा दिवस गेले तरी बांगडी अडते, तेव्हा ते दोन्ही सोबत विचारा. तिसरा प्रश्न साधा: हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललंय का, आणि दोन्ही हातांना आहे का?

मात्र असे घरगुती प्रश्न गोड वाटले म्हणून थेट छापू नका. ते निकषावर घासून घ्यावे लागतात, त्याची रीत खाली येते.

सीएचओनं काय करायचं, ते नीट लिहा. 'स्क्वीझ टेस्ट करा' एवढ्या ओळीनं भागत नाही. रुग्णाचा हात टेबलावर पालथा, सैल. तपासणाऱ्यानं आपला अंगठा तर्जनीच्या मुळाच्या गाठीवर बाहेरून आणि बोटं करंगळीच्या मुळाच्या गाठीवर ठेवायची, मग चारही गाठी एकमेकींकडं हळूहळू दाबायच्या. दाब किती? आपल्या नखाची कड पांढरी पडेल एवढा. त्या वेळी नजर हातावर नको, चेहऱ्यावर हवी. आपल्याकडच्या बाया 'दुखतंय' म्हणायच्या आधी ओठ दाबतात. तेच पायाच्या चवड्यावर. लगेच एकेका गाठीवर दोन्ही अंगठे ठेवून चाचपायचं. झिजेची गाठ खडा हाताला लागावा तशी कडक असते, आमवाताची सूज भिजवलेल्या कणकेसारखी मऊ, आणि दोन गाठींमधली खाच भरून गेलेली. मूठ वळवून समोरून पाहिलं तर निरोगी हातात डोंगर-दऱ्या दिसतात. सुजलेल्या हातात दऱ्या बुजतात. मोबाइलवर त्या मुठीचा फोटो घेऊन पाठवता येतो, तो ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरच्या डॉक्टरला अर्ध्या पानाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

या चाचणीवर किती विसंबायचं तेही लिहा. परदेशातल्या अभ्यासांत स्क्वीझ टेस्टची पकड निम्म्याच्या आसपासच निघाली आहे. दाबल्यावर दुखलं नाही म्हणून घरी पाठवायचं नाही. सूज दिसत असेल तर सूज मोठी.

आता मराठवाड्याची खास गुंतागुंत. परदेशी सूचना जशाच्या तशा उचलल्या तर त्या इथंच अडखळतात.

चिकुनगुनिया. २००६ च्या साथीत इथली गावंच्या गावं हातपाय धरून बसली होती, आणि तो अधूनमधून येतच असतो. आमवाताचे २०१० चे अमेरिकी-युरोपीय निकष घ्या: दहापैकी ६ गुण झाले की आमवात. दहापेक्षा जास्त सांधे, त्यात एक तरी लहान, याला ५ गुण. सहा आठवडे उलटले, १ गुण. झाले ६. रक्तात काहीही न सापडता. चिकुनगुनियानंतर दीड महिना बारा सांधे धरून बसलेला माणूस या हिशोबानं आमवाताचा रुग्ण ठरतो. मूळ निकषांत अट आहे की सुजेचं दुसरं कारण आधी वगळायचं. घाईत वगळली जाते ती नेमकी हीच अट. शिवाय ते निकष संशोधनासाठी रुग्णांचा गट पाडायचे आहेत, ओपीडीतल्या निदानाचे नव्हेत. तुमच्या सूचनेत एक ओळ हवीच: दुखणं तापासोबत एका दिवसात सुरू झालं का, आणि घरात किंवा गल्लीत आणखी कुणाला होतं का? दोन्ही 'हो' असतील तर शिक्का मारू नका, चिकुनगुनियाची आयजीएम रक्तचाचणी करा, दर दोन आठवड्यांनी बघा. १२ आठवड्यांनंतरही सूज टिकली तर तज्ज्ञाकडं पाठवा. अँटी सीसीपी अशा रुग्णांत सहसा निगेटिव्ह असते, म्हणून ती इथं खरी कामाला येते.

स्टिरॉइड. गावात 'ताकदीचं' किंवा 'वाताचं' म्हणून दिलेल्या इंजेक्शनात काय होतं ते रुग्णाला माहीत नसतं. पुड्यांतही भेसळ असते. सूज ओसरते, सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) उतरतो, चाळणीत माणूस निरोगी निघतो. 'गेल्या सहा आठवड्यांत सांध्यात, कमरेत इंजेक्शन? कुठली पुडी, काढा?' हा प्रश्न फॉर्मवर सूज तपासण्याच्या आधी ठेवा. 'इंजेक्शन घेतलं की दोन दिवसांत उठून चालायला लागते, परत आठ दिवसांनी तेच' हे वाक्य स्वतःच एक लक्षण आहे, ते पॉझिटिव्ह धरा. नियमित पुडी घेणाऱ्याला ती एकदम बंद करायला सांगू नका. स्टिरॉइड अचानक तुटलं तर रक्तदाब कोसळतो. अशांना थेट डॉक्टरकडं पाठवा.

कोयता. ऊसतोड मजुराचा हात हंगामभर मुठीत आवळलेला असतो. कोयता धरायच्या एकाच हाताला दुखणं, रात्री बोटांना मुंग्या, विसाव्यानं आराम, गाठींवर सूज नाही: हा दबलेल्या नसेचा किंवा स्नायूबंधाचा त्रास. आमवात विसाव्यानं वाढतो आणि हात निवडत नाही.

फ्लोराइड. नांदेड जिल्ह्यात किनवटसारख्या भागात पाण्यातलं फ्लोराइड हा जुना प्रश्न आहे. तिथल्या ताठलेल्या पाठीचं कारण मणक्यांचा दाह असेलच असं नाही. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलेल्या माणसाच्या हाडांचा एक्स-रे दाट पांढरा दिसतो, कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांमधल्या पडद्यावर चुना साचलेला असतो. गावच्या पाण्याचा अहवाल ग्रामपंचायतीत मिळतो. तो फॉर्मला जोडा.

ईएसआरबद्दल (तासाभरात रक्तपेशी नळीत किती खाली बसतात त्या तपासणीबद्दल) थोडं, कारण पीएचसीत बहुधा तेवढंच होतं. स्त्रीचं वय अधिक १०, भागिले २. पुरुषाचं वय भागिले २. ही वरची मर्यादा. चाळिशीच्या बाईला २५. पण आपल्याकडं रक्तक्षय (ॲनिमिया) घरोघरी, आणि त्यात ईएसआर तसाच वर जातो. हिमोग्लोबिन सोबत नसेल तर ईएसआर वाचू नका. नळी ३ अंशांनी कलली तरी आकडा ३० टक्क्यांपर्यंत फुगतो. एप्रिल-मेमध्ये परभणीच्या पत्र्याच्या खोलीत ४० अंशांवर लावलेला ईएसआर आणि डिसेंबरातला ईएसआर सारखे नव्हेत. वेस्टरग्रेनची नळी, चार भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, उभी नळी, बरोबर एक तास, रक्त काढल्यापासून चार तासांच्या आत. हे पाळणं जमत नसेल तर सीआरपीवर जा, आणि शिबिरातला ईएसआर सोडून द्या. आणखी एक: सुरुवातीच्या आमवातात ईएसआर, सीआरपी दोन्ही नॉर्मल असू शकतात. हाता-पायांचा एक्स-रेही. नॉर्मल रिपोर्ट हे सुजलेला सांधा घरी पाठवायचं कारण होत नाही.

सूचना लिहायची रीत. सगळं शून्यातून लिहू नका. युरोपातल्या संधिवात संघटनेच्या (युलार) २०१६ च्या सुधारित सूचनांत गाभा तयार आहे: सांध्याला सूज आणि सोबत दुखणं किंवा ताठरपणा असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तज्ज्ञानं पाहावं, आणि आजार टिकणार अशी लक्षणं असतील तर औषध तीन महिन्यांत सुरू व्हावं. २००२ पासून चालत आलेल्या तीन खुणाही आहेत: तीन किंवा जास्त सुजलेले सांधे, बोटांच्या मुळाशी दाबल्यावर दुखणं, सकाळी अर्धा तास किंवा जास्त ताठरपणा. पुरावा तोलून शिफारशी ठरवायच्या ग्रेड पद्धतीत यासाठी वाट आहे: काही शिफारशी जशाच्या तशा घ्या, काही जुळवून घ्या, जिथं काहीच नाही तिथं नवी करा. 'सहा आठवडे' घ्या. 'कोण पाठवणार' हे जुळवून घ्या, कारण तिकडं फॅमिली डॉक्टर आहे आणि इथं सीएचओ. चिकुनगुनिया, पुड्या आणि ऊसतोडीचा हंगाम, हे नवं.

प्रत्येक शिफारशीमागचा प्रश्न चार भागांत मांडा. उदाहरणार्थ: मराठवाड्यातल्या उपकेंद्रात सांधे सुजल्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रौढांमध्ये (कुणात), तीन प्रश्न आणि सीएचओची हाताची तपासणी (काय), सध्याच्या 'दुखण्याची गोळी आणि परत या'च्या तुलनेत (कशाच्या), पहिलं आमवाताचं औषध सुरू होईस्तोवरचे आठवडे, वर्षभरानं हाताचं काम, विनाकारण पाठवलेले रुग्ण आणि त्यांचा बुडालेला रोज (काय साधलं, काय गमावलं). शेवटचं कलम बहुतेक ठिकाणी गळतं. बुडालेली मजुरी हा परिणाम म्हणून आधी लिहिलेला नसेल तर नंतर तो कुणी मोजत नाही.

पुरावा दोघांनी स्वतंत्र वाचायचा, मतभेद तिसऱ्याकडं. निदान-चाचणीच्या अभ्यासांना क्वाडास-२ या तपासयादीनं तपासायचं: रुग्ण कसे निवडले, चाचणी कशी केली, खरं निदान कशावर ठरवलं, मधल्या वेळेत कोण गळालं. डच क्लिनिकमधला चांगला अभ्यासही आपल्यासाठी 'अप्रत्यक्ष' म्हणून एक पायरी खाली येतो, आणि तसं उघड लिहायचं. शिफारशीच्या भाषेतही ते दिसायला हवं: भक्कम असेल तर 'करावे', सशर्त असेल तर 'सुचवतो'. पुरावा कमकुवत असताना 'करावेच' लिहिलं की मेडिकल ऑफिसर एकदा फसतो आणि मग सगळी पुस्तिकाच बाजूला ठेवतो.

समितीत संधिवाततज्ज्ञ, फिजिशियन, अस्थिरोगतज्ज्ञ, पीएचसीचा डॉक्टर, सीएचओ, आशा गटप्रवर्तक, लॅब टेक्निशियन, पद्धतीचा जाणकार आणि दोन रुग्ण. रुग्ण शोभेला नकोत. बांगड्यांचा प्रश्न बरोबर आहे की नाही ते त्याच सांगू शकतात. लॅबशी किंवा औषध कंपनीशी आर्थिक संबंध असणाऱ्यानं आधी लिहून द्यायचं आणि त्या चाचणीच्या मतदानात बसायचं नाही. मताची रेघ, समजा ७५ टक्के, मतदानाआधी ठरवायची.

आता प्रश्न घासून घ्यायची पद्धत. मराठीत लिहा, लातूरला आणि हिंगोलीला वेगवेगळ्या १०-१५ बायांना विचारून 'तुम्हाला यातून काय समजलं' ते परत ऐका, मग दुरुस्त करा. दोन सीएचओंनी एकाच रुग्णाला स्वतंत्र तपासून उत्तरं किती जुळतात ते कप्पा या आकड्यानं (१ म्हणजे पूर्ण जुळणी) मोजा, ०.६ च्या खाली आलं तर प्रश्न बदला, माणसांना दोष देऊ नका. मग पकड मोजायची. ८५ टक्के पकड, दोन्ही बाजूंना ७ टक्के सूट एवढ्या खात्रीनं सांगायची असेल तर १०० खरे रुग्ण लागतात. ते गावातून गोळा करायचे तर २०,००० प्रौढ तपासावे लागतील; म्हणून पहिली फेरी ओपीडीत घ्या, सहा महिन्यांच्या आतली लक्षणं असलेल्या, अजून निदान न झालेल्या लोकांवर. बोटं वाकडी झालेले दहा वर्षांचे जुने रुग्ण घातलेत तर कोणताही फॉर्म हुशार दिसतो.

या टप्प्यावर सर्रास होणारी चूक: ज्यांची चाळणी पॉझिटिव्ह आली त्यांनाच तज्ज्ञाकडं पाठवलं जातं. मग सुटलेले रुग्ण दिसतच नाहीत आणि पकड ९५ टक्के निघते. उपाय एकच: निगेटिव्ह आलेल्यांतलेही दहातून एक, चिठ्ठ्या टाकून, तज्ज्ञाकडं पाठवायचे आणि हिशोबात दहापट धरायचे. तज्ज्ञाला कोण कुठल्या गटातला ते सांगायचं नाही.

पुढं पाठवण्याची साखळी थोडक्यात अशी. आशा ते सीएचओ एक आठवडा. सीएचओला सूज दिसली तर दोन आठवड्यांनी पुन्हा. तेव्हाही आहे, किंवा पहिल्याच भेटीत तीन किंवा जास्त सांधे सुजलेले आहेत, तर मेडिकल ऑफिसर. तिथं हिमोग्राम, सीआरपी, क्रिएटिनिन, एसजीपीटी, लघवी. अँटी सीसीपी आणि आरए फॅक्टर याच टप्प्यावर. सहाव्या आठवड्याच्या आत तज्ज्ञ. एकच सांधा लाल, गरम आणि ताप असेल तर ही साखळी सोडा, त्याच दिवशी रुग्णालय. सांध्यातला पू दोन आठवडे थांबत नाही.

तज्ज्ञाच्या दिवसाची रांग दोन भागांत करा. पीएचसीतले ते १०० जुने रुग्ण पहिल्या महिन्यात येणारच, आणि यायलाच हवेत. पण त्यांच्या गर्दीत सहा आठवड्यांचा रुग्ण तीन महिन्यांवर ढकलला गेला तर या सगळ्याचा हेतूच बुडतो. दर ओपीडीत ठरावीक जागा नव्यांसाठी राखीव ठेवा.

ऊसतोडीचं वेळापत्रक सूचनेत लिहिलेलं नसेल तर ती बीडसाठी नाही. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, पट्टा पडेपर्यंत (कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत) परतत नाहीत. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध सुरू केल्यावर पहिले तीन महिने दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त तपासायचं असतं. ऑक्टोबरमध्ये सुरू केलं तर ते फडात कोण तपासणार? आशांची फेरी जून ते ऑगस्टमध्ये संपवा. उशीर झालाच तर कार्ड रुग्णाच्या हाती द्या, कारखान्याजवळच्या पीएचसीचं नाव त्यावर लिहा. गोळी आठवड्यातून एकदाच, वार ठरवून, आणि तो वार चित्रासह पाकिटावर. रोज घेतली तर जीव जातो. फॉलिक ॲसिड दुसऱ्या वारी. मूल हवं असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर हे औषध नाही, आणि हा प्रश्न नवऱ्यासमोर विचारून खरं उत्तर येत नाही.

दुसरे दोन आजार याच पुस्तिकेत घ्यायचा मोह होईल. मणक्याचा दाह घ्या, तो घेण्याजोगा आहे: ४५ वर्षांच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जुनी पाठदुखी, विसाव्यानं वाढणारी, हालचालीनं कमी होणारी, पहाटे झोपेतून उठवणारी. अशा पोरांना 'गादी सरकली', 'मणक्यात गॅप' म्हणून वर्षानुवर्षं पट्टा बांधला जातो. सरकारी असंसर्गजन्य आजारांची चाळणी तिशीपासून सुरू होते, हे पोरगं पंचविशीत असतं. वयाची अट तुमच्या फॉर्मवर १८ ठेवा. लुपसची (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराची) सरसकट चाळणी मात्र नको. १९९७ च्या एका अभ्यासात निरोगी लोकांपैकी १३ टक्क्यांची एएनए (लुपससाठी करतात ती रक्तचाचणी) १:८० ला पॉझिटिव्ह होती. शिबिरात एएनए म्हणजे आरए फॅक्टरचीच पुनरावृत्ती.

नोंदवहीत पाच तारखा ठेवा: लक्षण सुरू, पहिला कुणीही डॉक्टर, पुढं पाठवलं, तज्ज्ञानं पाहिलं, औषध सुरू. सरासरी काढू नका, मधला आकडा काढा. एक वीस वर्षांचा जुना रुग्ण सरासरी बिघडवतो. लक्षणाची तारीख दिनदर्शिकेनं न विचारता पोळा, दिवाळी, संक्रांत, पाडवा यांच्या मागं-पुढं विचारा. सहाव्या रकान्यात चाळणीत पॉझिटिव्ह येऊन आमवात न निघालेल्यांचे बुडालेले रोज. सहा महिन्यांनी पाठवलेल्या दहांमध्ये एकही दाहक आजार निघत नसेल तर प्रश्न आवळा. दहाच्या दहा निघत असतील तर चाळणी फार घट्ट आहे, ती सैल करा.